पिन कुणी टेकवायची?

गेल्या वर्षी नवरात्रापासून दिवाळीपर्यंत आमच्या घरात एक भांडण चालू होते, आणि ते अंगठ्याएवढ्या वस्तूवरून होते असे सांगितले तर कुणाला खरे वाटणार नाही. ती वस्तू म्हणजे रेकॉर्ड प्लेअरची कार्ट्रिज. तिच्या टोकाला पिन असते, पिनेच्या टोकाला हिऱ्याचा कण असतो, आणि तो कण तबकडीवरच्या केसाएवढ्या रुंदीच्या चरीतून फिरत गाणे उचलतो. ही कार्ट्रिज टोनआर्मला बसवायची कुणी, एवढाच आमच्यातला वाद. आमचे हे म्हणत होते, माहीतगार माणूस बोलवावा. मी म्हणत होते, घरच्या घरी मी बसवीन.

वाद क्षुल्लक होता असे मलाही तेव्हा वाटत होते. आता वाटत नाही.

माझे वडील २०१९ साली गेले. त्यांच्यामागे राहिल्या त्या सव्वाशेच्या आसपास तबकड्या आणि एक जुना प्लेअर. बाबा साधे कारकून. पण दर दिवाळीच्या बोनसमधून एक तरी लाँगप्ले घरात येई. गीतरामायणाचा संच त्यांनी तीन पगारांतून पैसे बाजूला टाकून घेतला होता. पुणे आकाशवाणीवरून १९५५-५६ साली वर्षभर ती छप्पन्न गीते प्रसारित झाली, त्या वेळी बाबा दहा-अकरा वर्षांचे होते आणि शेजाऱ्यांच्या ओट्यावर बसून ऐकत. तो ओटा पुढे आपल्या घरात आणायचा, ही त्यांची एक छोटीशी महत्त्वाकांक्षा. नरकचतुर्दशीला पहाटे उटण्याचा वास, तेलाची वाटी आणि तबकडी सुरू होण्याआधीची ती खरखर या तीन गोष्टी माझ्या डोक्यात आजही एकाच कप्प्यात आहेत.

बाबा गेल्यावर प्लेअर बंद पडला. मोडला म्हणून नव्हे, तो मागाहून मोडला. आधी बंद पडला तो एवढ्यासाठी की तो लावायचा कसा हे घरात दुसऱ्या कुणाला ठाऊकच नव्हते. आईने अठ्ठेचाळीस वर्षांच्या संसारात एकदाही पिन तबकडीवर टेकवली नव्हती. गाणे तिला हवे असायचे, कुठल्या तबकडीच्या कुठल्या बाजूला काय आहे ते तिला तोंडपाठ असायचे, पण हात पुढे झाला की बाबा म्हणत, "राहू दे, मी आहे ना." आणि ते होतेच. ते नसतील अशी सोय दोघांनीही केली नव्हती.

आई आता आमच्याकडे सांगलीला असते. वय शहात्तर. गेल्या पावसाळ्यात कानाच्या डॉक्टरांनी सांगितले की डावा कान बराच गेला आहे आणि उजवाही त्याच वाटेवर आहे. घरी आल्यावर आई काही बोलली नाही, फक्त संध्याकाळी म्हणाली, "त्या तबकड्या एकदा ऐकल्या असत्या." ह्यांनी दुसऱ्या आठवड्यात नवा टर्नटेबल मागवला. खोके उघडले तर यंत्र सुट्या भागांत! कार्ट्रिज वेगळी, मागचे वजन वेगळे, स्क्रू एका चिमुकल्या पिशवीत.

आता माझ्या बाजूची कैफियत सांगते. मी शिकले दहावीपर्यंत, मग चित्रकला शिक्षकाची पदविका घेतली आणि शाळेत लागले. कादंबऱ्या लिहिते म्हणून लोक मला विदुषी समजतात. तो त्यांचा गैरसमज आहे. पण हात माझा बरा आहे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या मुलांना वीस वर्षे भूमिती-रचना शिकवलेला हात. कंपास, कोनमापक, टोकदार पेन्सिल ही माझी रोजची हत्यारे. ह्या कामात नेमके तेच लागते असे कळले, तेव्हा मला स्फुरण चढले. शिवाय कोल्हापूरहून माणूस बोलवायचा तर त्याचे येण्याजाण्याचे आणि कामाचे मिळून बाराशे रुपये होणार होते. बाराशे रुपयांत आणखी दोन तबकड्या आल्या असत्या, असे मी ह्यांना ऐकवले. आणि खरे कारण मी कुणालाच ऐकवले नाही. बाबांचे काम परक्याने करावे हे मला सहन होत नव्हते.

काम खरोखरच मनोहर आहे. आधी बैठक समपातळीत हवी. त्यासाठी शेजारी बांधकाम चालू होते तिथल्या गवंड्याकडून मी पाणसळ आणली. मग कार्ट्रिजच्या मागे चार तारा जोडायच्या: पांढरी, निळी, तांबडी, हिरवी, प्रत्येकीची जागा ठरलेली. त्यानंतर खरी भूमिती. तबकडी कोरणारे यंत्र काठापासून मध्याकडे सरळ रेषेत सरकत जाते. पण आपल्या प्लेअरचा हात एका खुंटीभोवती फिरतो, म्हणजे तो कंसात जातो. सरळ वाटेने कोरलेले गाणे वाकड्या वाटेने वाचायचे. त्यामुळे पिन चरीला अगदी स्पर्शिकेसारखी जुळते ती सबंध बाजूवर फक्त दोन ठिकाणी. बाकी सगळीकडे थोडी चूक राहतेच. ती चूक कमीत कमी कशी ठेवावी याचे गणित १९३८ साली लॉफग्रेनने आणि १९४१ साली बेअरवाल्डने मांडले. बेअरवाल्डच्या हिशेबाने ती दोन ठिकाणे मध्यापासून साधारण सहासष्ट आणि एकशे एकवीस मिलिमीटरवर येतात. मी ती कागदावर आखली, त्यांवर जाळी काढली, आणि भिंग घेऊन कार्ट्रिज केसभर पुढे, केसभर मागे करीत दोन तास बसले. चूक पूर्णपणे काढता येत नाही, ती कुठे पडू द्यायची एवढेच आपल्या हातात असते, हा विचार मला त्या दोन तासांत फार आवडला. एखाद्या कादंबरीत घालता येईल असेही वाटून गेले. तिथेच बहुधा माझे लक्ष उडाले.

कारण पुढची पायरी होती वजनाची. टोनआर्मच्या शेपटीला एक जड चकती असते. ती पुढेमागे फिरवून हात तराजूच्या दांडीसारखा अधांतरी आणायचा, चकतीवरचा आकडा शून्यावर आणायचा आणि मग चकती आत फिरवून दोन ग्रॅम वजन पिनेवर द्यायचे. दोन ग्रॅम म्हणजे सोनाराच्या जुन्या भाषेत दोन मासे. मी हात अधांतरी आणला, शून्य लावले, आणि आकडा दोनवर नेला. टर्नटेबल सुरू केला. गीतरामायणाच्या संचातली पहिली हाताला आली ती तबकडी लावली आणि आईला हाक मारली.

पिन चरीत ठरेना. घसरायची, उडायची, सूर फाटायचा. तीनदा टेकवली, तीनदा उडाली. आई खुर्चीत पुढे वाकून उजवा कान देऊन बसली होती. मला लहानपणीचे आठवले: जुन्या प्लेअरची पिन उडू लागली की बाबा तिच्या डोक्यावर चार आण्याचे नाणे ठेवीत. मी पर्समधले रुपयाचे नाणे काढून ठेवले. आणि काय सांगावे, गाणे लागले! आईने डोळे मिटले. मी स्वयंपाकघराकडे विजयी मुद्रेने पाहिले. हे तिथे चहा करीत होते. तेवढ्यात नाणे सरकले. ते पडू नये म्हणून मी हात घातला, माझ्या बोटाचा धक्का टोनआर्मला लागला, आणि पिन तबकडीवरून आडवी ओढली गेली. तो आवाज कसा होता ते मी लिहीत नाही.

लाँगप्लेच्या एका बाजूवर एकच चर असते. वीस मिनिटांची बाजू धरली तर ती उलगडून चारशे मीटरांहून लांब भरेल. मी काढलेली रेघ होती बोटभर. पण ती त्या चारशे मीटरांना पन्नासेक ठिकाणी छेदून गेली होती. तबकडी मिनिटाला साडेतेहेतीसच्या आसपास फेरे घेते, म्हणजे एक फेरा एक पूर्णांक आठ दशांश सेकंदाचा. तेवढ्या तेवढ्या अंतराने आता तिथे "टक्" वाजते. पुढेही वाजणार.

आई म्हणाली, "असू दे."

तिने रागवायला हवे होते.

त्यानंतर आठ दिवस मी त्या यंत्राकडे फिरकले नाही. ह्यांनी "मी सांगत होतो" असे म्हटले नाही. पण न म्हणण्याचीही एक पद्धत असते, ती विवाहित वाचकांना सांगायला नको. त्या आठ दिवसांत मी जो विचार केला तो इथे लिहिते आहे. कारण तो टर्नटेबलपुरता नाही असे मला वाटते.

आपल्याकडे स्वतःचे काम स्वतः करण्याला फार वरचे स्थान आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या साताऱ्यापासून आम्ही फार दूर नाही. 'कमवा आणि शिका' हे शब्द आमच्या मुलांच्या कानांवरून हमखास जातात. गांधीजींची ती गोष्ट तर सगळ्यांना पाठ असते. प्रिटोरियात एका इंग्रज केशकर्तनवाल्याने त्यांचे केस कापायला तुच्छतेने नकार दिला, तेव्हा त्यांनी यंत्र विकत आणले आणि आरशासमोर उभे राहून स्वतःचे केस स्वतः कापले. पुढचे कसेबसे साधले, मागचे बिघडले, कोर्टात मित्र हसले. शाळेत ही गोष्ट आम्ही इथपर्यंत सांगून थांबतो. पण आत्मचरित्रात ते पुढेही लिहितात की दोष त्या न्हाव्याचा नव्हता. आपणही आपल्या न्हाव्यांना अस्पृश्य बांधवांची हजामत करू देत नाही. म्हणजे स्वावलंबनाच्या त्या गोष्टीच्या पोटात दुसरीच गोष्ट आहे: कुणाच्या हाताची सेवा कुणाला मिळते आणि कुणाला नाकारली जाते, ही. मला मात्र त्या आठ दिवसांत तिसरीच गोष्ट दिसली. केस गांधीजींचे स्वतःचे होते. आणि केस पुन्हा वाढतात.

तबकडी माझी नव्हती. ती बाबांची, आणि त्यांच्यामागे आईची. आणि तिच्यावरची रेघ बुजत नाही. स्वतःच्या वस्तूवर चुकायचा मला हक्क आहे, हे मी मान्य करते; तो हक्क नसेल तर माणूस काही शिकणारच नाही. पण दुसऱ्याच्या वस्तूवर, आणि तीही अशी की पुन्हा मिळायची नाही, तिच्यावर शिकायचा हक्क मला कुणी दिला?

असे म्हटले की वाद संपला असे वाटते. पण मी शिक्षिका आहे, आणि तिथेच माझी अडचण झाली. मी शिकवायला शिकले ते कुणावर? पदविका घेताना पाठ घेतले होते, ते खोटे नव्हे. परंतु खरी शिकले ती पहिल्या वर्षीच्या सहावीच्या मुलांवर. त्या वर्गात एक मुलगा होता. त्याने हत्ती काढला होता, पाय पाच झाले होते. मी त्याच्या हातातली पेन्सिल घेतली आणि हत्ती दुरुस्त करून दिला. छान झाला हत्ती. त्यानंतर वर्षभर त्या मुलाने माझ्या तासाला स्वतःहून काही काढले नाही, वही पुढे करायचा आणि म्हणायचा, "बाई, तुम्हीच काढा." आज मी तसे करणार नाही. पण आज मी तसे करणार नाही याची किंमत त्या मुलाने दिली, मी नाही. ती वहीही कुणाला परत भरून देता येणार नाही. डॉक्टर कुणावर तरी शिकतो, वकील कुणाच्या तरी दाव्यावर शिकतो, सून कुणाच्या तरी ताटात खारट आमटी वाढून शिकते. सगळे कसब शेवटी दुसऱ्याच्या मालावरच येते. तर मग माझ्या बोटभर रेघेचे एवढे काय?

ह्याचे उत्तर मला मिरजेत मिळेल असे वाटले, म्हणून एका रविवारी मी मिरजेला गेले. बस अर्ध्या तासाची. तंतुवाद्ये करणाऱ्यांच्या दुकानांसमोर मी विद्यार्थिदशेत चित्रे काढायला बसत असे. तिथे मी जवारी लावताना पाहिली होती आणि पुन्हा पाहायची होती. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते: तंबोऱ्याच्या भोपळ्यावर जी घोडी असते, तिच्या माथ्यावरून तार जाते. त्या माथ्याला अत्यंत सूक्ष्म उतार असतो. तो कानशीने घासून नेमका साधला तरच तार छेडल्यावर सूर फुलतो, एका सुरातून दुसरे सूर निघाल्यासारखे वाटतात. ही जवारी. कारागीर घासतो, तार चढवतो, छेडतो, ऐकतो, तार उतरवतो, पुन्हा दोन हात घासतो. एक हात जास्त पडला तर सगळे पुन्हा पहिल्यापासून.

आता पाहा: गायक तंबोरा स्वतः जुळवतो, किंवा त्याचे शिष्य जुळवतात. खुंट्या पिळणे, मणी सरकवणे, घोडीवर तारेखाली सुताचा दोरा नेमक्या जागी सारणे, हे सगळे गाणाऱ्याचे काम. ते ज्याला येत नाही त्याने गाऊ नये, असे जुने लोक मानीत. आणि तोच गायक जवारी लावायची झाली की तंबोरा उचलून मिरजेला आणतो आणि मुकाट्याने कारागिरासमोर बसतो. ह्यात त्याला कमीपणा वाटत नाही, कारागिरालाही चढेलपणा नाही. कुठे आपला हात संपतो आणि दुसऱ्याचा सुरू होतो, हे दोघांनाही ठाऊक असते. ज्या गावात अब्दुल करीम खाँसाहेब राहिले त्या गावाला ही गोष्ट कुणी शिकवावी लागत नाही.

मी परत येताना बसमध्ये विचार करीत होते की टर्नटेबलमध्ये जुळवणे कुठले आणि जवारी कुठली? तबकडी पुसणे, पिनेवरची धूळ काढणे, बैठक समपातळीत ठेवणे, पिन हलकेच टेकवणे हे जुळवणे. कार्ट्रिज बसवणे आणि वजन देणे ही जवारी. असे मी ठरवले, आणि ह्यांना म्हटले, "करा फोन." विभागणी मला फार सुबक वाटली होती. कारागीर आल्यावर ती तशीच्या तशी टिकली नाही.

ते आले शनिवारी दुपारी. साठीचे गृहस्थ, पायात साधी चप्पल, हातात पत्र्याची पेटी. पाणी घेतले, चहा नको म्हणाले. आधी त्यांनी यंत्राकडे नुसते पाहिले. नाणे अजून तिथेच, टोनआर्मच्या बाजूला पडलेले होते.

"नाणं कुणी ठेवलं होतं?"

"मी," मी म्हणाले. शाळेत बाकावर उभे केल्यासारखे वाटले.

त्यांनी पेटीतून काडेपेटीएवढा वजनकाटा काढला, पिन त्यावर टेकवली. काट्यावर जवळजवळ शून्य. मग नाणे ठेवून पुन्हा मोजले; चार ग्रॅमला थोडे कमी. दोन हवे होते. एकदा काहीच नाही आणि एकदा दुप्पट. "बाई, तुम्ही आकडा फिरवलात. वजन नाही फिरवलं," ते म्हणाले, आणि दाखवले. चकतीवर आकड्यांची जी कडी असते ती सुटी फिरते, शून्य लावण्यासाठी. मी दोनवर नेली ती फक्त कडी. चकती जागची हललीच नव्हती. आकडा दोन, वजन शून्य! मला हसू आले, कारण शाळेत गुणपत्रकांच्या दिवसांत आम्ही वर्षानुवर्षे हेच करीत असतो. पण तो विषय इथला नव्हे.

मी विचारले, हलकी पिन उडते हे कळले. निदान तबकडीला तरी ती बरी ना? म्हणाले, "उलट. हलकी पिन जास्त खाते. चरीत बसत नाही, दोन्ही भिंतींवर आपटत जाते. नीट वजन दिलेली पिन घासते खरी, पण आपटत नाही." हे मला नवीन होते. आपण ज्यांना दुखवू नये म्हणून धड हातच टेकवत नाही, त्यांचे काय होत असेल, असे एक मनात आले.

मग त्यांनी भिंग काढले आणि माझी भूमिती तपासली. स्वतःचा आरशाचा कोनमापक लावला, दोन्ही ठिकाणी पाहिले, पुन्हा पाहिले. "हे कुणी केलं?"

"मीच."

"बरोबर आहे. ह्याला हात लावत नाही मी."

वाचकहो, आयुष्यात मला कादंबरीबद्दल एक-दोन बरे अभिप्राय मिळाले आहेत. त्यांतला एकही इतका गोड लागला नव्हता. पण माझी बसमधली सुबक विभागणी मात्र तिथेच कोलमडली. जी मी जवारी समजत होते तिचा अवघड भाग मला साधला होता, आणि जे सोपे समजून उरकले त्यात मी फसले होते. तज्ज्ञाचा हात माझ्यापेक्षा हलका नव्हता. खरे म्हणजे त्यांचा हात किंचित कापतही होता. त्यांना एवढेच ठाऊक होते की कुठली चूक आवाज न करता होते. म्हणून त्यांनी कानावर विश्वास ठेवण्याआधी काट्यावर मोजले. मी मोजले नव्हते. मी आकडा वाचला होता.

त्याहूनही लागली ती पुढची गोष्ट. सगळे झाल्यावर ते म्हणाले, "आता वाजवून बघू," आणि मी गीतरामायणाचा संच पुढे केला. त्यांनी तो बाजूला ठेवला आणि आपल्या पेटीतून एक फाटक्या वेष्टनातली, पार झिजलेली तबकडी काढली. कुठल्याशा पडेल चित्रपटाची. "हिच्यावर आधी बघतो मी. तीस वर्षं हीच आहे. घरातली चांगली रेकॉर्ड पहिल्यांदा कधी लावू नये." त्या पडेल चित्रपटाचे गाणे आमच्या दिवाणखान्यात पाच मिनिटे वाजले, आणि मला माझ्या प्रश्नाचे निदान अर्धे तरी उत्तर मिळाले. मी मुलांना सांगत असते, आधी कच्च्या कागदावर काढा. स्वतः मात्र घरातल्या सर्वांत मोलाच्या वस्तूपासून सुरुवात केली, आणि ती प्रेमापोटी केली असे स्वतःला पटवले. प्रेम होतेच, पण घाईही होती, आणि आईसमोर बाबांच्या जागी उभे राहायची हौसही होती. त्या सहावीच्या मुलाचे उत्तर मात्र अजून मिळालेले नाही. मुलांना कच्चा कागद नसतो.

बाराशे रुपये त्यांना देताना ह्यांनी सवयीने "काही कमी-जास्त?" असे विचारले. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. कानाच्या डॉक्टरांनी आईला सात मिनिटे तपासले, तेव्हा आम्ही पैसे मोजून वर आभार मानले होते. घासाघीस करायची ती फक्त ज्यांच्या हाताला तेल लागते त्यांच्याशी. बलुतेदारीच्या काळापासूनची ही खोड अजून आमच्या जिभेवर आहे. मी मधेच पडून पूर्ण पैसे दिले. पण हेही लिहिले पाहिजे की महिनाभरापूर्वी हेच बाराशे वाचवण्याचा हिशेब मी मांडला होता, आणि तेव्हा त्याला स्वावलंबन असे नाव दिले होते.

एक गोष्ट इथे आठवते. १९७७ साली व्हॉयेजर नावाची दोन याने अवकाशात गेली, त्यांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एकेक तबकडी आहे. तिच्यात गोव्याच्या केरी गावच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. दोन्ही याने आता तारकांमधल्या अवकाशात आहेत. ती तबकडी कुणाला सापडलीच, तर ते बिचारे कोल्हापूरला फोन करू शकणार नाहीत, हे पाठवणाऱ्यांनी ओळखले होते. म्हणून सोबत कार्ट्रिज दिली, पिन दिली, आणि वेष्टनावर चित्रे कोरली: पिन कुठे टेकवायची, एक फेरा किती वेळाचा. तीन पूर्णांक सहा दशांश सेकंद. तेही आपल्या घड्याळाचे नव्हे, हायड्रोजनच्या अणूवरून काढलेल्या मापाने. अनोळखी हातांवर एवढा विश्वास! आणि आमच्या घरात, अठ्ठेचाळीस वर्षे शेजारी बसलेल्या बायकोसाठी कुणी एक चिठ्ठीसुद्धा लिहून ठेवली नव्हती.

हे मी बाबांची निंदा म्हणून लिहीत नाही. "राहू दे, मी आहे ना" हे शब्द मी जन्मभर माया म्हणून ऐकले, आणि ती माया होतीच. आईला कष्ट नकोत, तिने नुसते ऐकावे. पण घरात एक जण तज्ज्ञ झाला की बाकीच्यांचे हात हळूहळू गळून पडतात, आणि तो तज्ज्ञ जितका प्रेमळ तितके ते कमी जाणवते. बाहेरचा कारागीर पैसे घेतो आणि निघून जातो. तो गेल्यावर निदान आपल्याला उमगते की हे आपल्याला येत नाही. घरचा माणूस जात नाही. जातो तेव्हा एकदमच जातो. हत्तीचे पाय दुरुस्त करून देणारी मी, माझ्या बाबांचीच मुलगी होते.

कारागीर पेटी आवरून उठले. आई दारातच खुर्चीवर बसली होती. तिच्याकडे पाहून ते म्हणाले, "आजी, आता तुम्ही ठेवा पिन."

"मला नाही जमायचं. हे ठेवायचे."

"बोटानं नाही ठेवायची. हा दांडा खाली करायचा. पिन आपोआप हळू उतरते. तुमचा हात कापला तरी ती कापत नाही. माझाही कापतो, बघा." त्यांनी हात पुढे करून दाखवला.

आई उठली. ओल्या हाताने नको म्हणून पदराला हात पुसले. हात कोरडेच होते. बाजू तिने स्वतः निवडली. मी पाहिले, ती नेमकी माझ्या रेघेची बाजू होती. मी काही बोलणार तोच ह्यांनी मला डोळ्याने गप्प केले. दांडा खाली गेला. खरखर आली, मग वाद्ये, मग सूर. आणि ठरल्या जागी "टक्", "टक्", "टक्", पन्नास वेळा. आई उजवा कान देऊन उभी होती. ती बसलीच नाही. ते संपल्यावर तिने दांडा वर केला, पुन्हा खाली केला, पुन्हा वर. गाण्यासाठी नव्हे, नुसता.

ह्या गोष्टीला वर्ष होत आले. आई आता रोज दुपारी एक बाजू लावते. कुठली तबकडी कधी पुसली, पिन किती तास चालली, ह्याची एक वही तिने केली आहे. तिच्यात तिच्या मोडीसारख्या तिरप्या अक्षरात नोंदी असतात. परवा शाळेतून घरी आले तर आमचे चिरंजीव टर्नटेबलजवळ उभे होते. वय वर्षे चौदा. त्याने मोठ्या आवडीने दांड्याकडे हात नेला.

"राहू दे," आई म्हणाली, "मी आहे ना."